सुताच्या काट्यावरची कुत्री

आमच्या घरात कुणी काही कबूल करत नाही. दूध कुणी उतू जाऊ दिलं, नळ कुणी चालू ठेवला, विचारून बघा; तिघंही कानांवर हात ठेवणार. त्यामुळं कॅम्पातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हिला घरात खायला कोण कोण घालतं?" तेव्हा मी, माझा नवरा आणि माझे सासरे, तिघंही एकदमच म्हणालो, "जास्त कोण घालत न्हाय."

बाई हसल्या नाहीत. त्यांच्यापुढं टेबलावर आमची कुत्री उभी होती. लांब पाठीची, आखूड पायांची, तांबूस रंगाची. ह्या जातीला डॅशहाउंड म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही तिला 'बाळ' म्हणतो. चार दिवसांपूर्वी, आम्ही साड्या विणतो त्या मागाच्या खोलीच्या दोन पायऱ्या उतरताना ती किंचाळली होती आणि दुपारभर मागचे पाय ओढत फिरली होती. इंजेक्शनं झाली, ती परत उभी राहिली, म्हणून आम्ही जरा निवांत होतो. बाईंनी तो निवांतपणा ठेवला नाही.

"नऊ किलो आहे. साडेसात पाहिजे," त्या म्हणाल्या.

"दीड किलोच की मग," माझा नवरा म्हणाला.

बाईंनी एकदा त्याच्या पोटाकडं बघितलं. "तुमच्या पाठीवर चौदा किलोचं पोतं बांधलं आणि दिवसभर जिना चढा-उतरायला लावला तर? तसंच आहे हे. एवढी लांब पाठ, मणक्यावर सगळा भार. ह्या वेळी उठली. पुढच्या वेळी मागचे पाय उठतीलच असं मी सांगणार नाही. तीन महिने देते. वजन उतरवून आणा."

मग त्यांनी माझा हात धरून बाळच्या कुशीवर ठेवला. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, म्हणाल्या, डोळ्याला दिसायला नकोत पण हाताला लागायला पाहिजेत. मी चाचपलं. उशी चाचपल्यासारखं लागलं. बाजूला सासरे उभे होते. त्यांचा चेहरा बघितला आणि मी हात काढून घेतला.

का, ते सांगते. कुत्री माझ्या सासूची. आम्ही वडगावचे विणकर. घरापुढच्या खोलीत चार माग चालतात, नवरा बघतो. मी एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या साड्या घेऊन कॅम्पात घरोघरी जायच्या. तिथल्या एका मिलिटरीवाल्याच्या बायकोशी त्यांचं चांगलं जमलेलं. त्या लोकांची लांब कुठं तरी बदली झाली, कुत्रं नेता येईना, तेव्हा आत्तींनी साड्यांच्या पिशवीतनं हे पिल्लू रिक्षात घालून घरी आणलं. हिंदीत बसायची, सासऱ्यांनी कानडीत 'बा' म्हटलं की यायची, आणि खायची मात्र सगळ्या भाषांत.

दोन वर्षांपूर्वी आत्ती गेल्या. साखरेनं मूत्रपिंडं खाल्ली. त्यानंतर आप्पा, म्हणजे सासरे, भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. ताट वाढलं की दोन घास चिवडायचे नि हात धुवायचे. एक दिवस बाळ जाऊन त्यांच्या ताटाशेजारी बसली. आप्पांनी पहिला घास तिला दिला, दुसरा स्वतः खाल्ला, आणि त्या दिवशी अख्खी भाकरी खाल्ली. तेव्हापासून तोच नेम. तिला घातल्याशिवाय आप्पांच्या तोंडात घास जात नसे. त्यामुळं कुत्री पाय जाऊन बसली तर आप्पाही बसणार, आणि बसले की परत उठणार नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बोलत कुणी नव्हतं. मला त्या दीड किलोची भीती वाटायची ती ह्यामुळं.

आता खाणं कुठलं द्यायचं, ह्यावर दवाखान्यातच खल सुरू झाला. बाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक, घरात उकडून: दुधी, गाजर, थोडा भात आणि बिनकातड्याचं कोंबडीचं मांस. दुसरी, वजन उतरवायचं कोरडं खाणं पाकिटातनं मिळतं, ते मोजून द्यायचं. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. नुसता भात-दुधी दिला तर हिच्या अंगातलं बळ जाईल, चरबी राहील, असं बाई म्हणाल्या. मग पाकीट. त्या पाकिटातही कोंबडी आहेच, हे नवऱ्यानं मागचं बारीक लिखाण वाचून हळूच सांगितलं. मी म्हटलं, असू दे. आत्तींचं सोवळं मला पाठ आहे, पण आत्तींची कुत्री बसलेली मी आत्तींना कुठल्या तोंडानं दाखवू? पाकीट स्वयंपाकघरात यायचं नाही, मागाच्या खोलीत राहील, एवढं ठरवलं.

आणि तिथं काटा होताच. सुताचे कोन तोलायचा, ग्रॅमही चुकू न देणारा. वाटीनं देऊ नका, बाई म्हणाल्या होत्या, प्रत्येक घरातली वाटी वेगळी असते. म्हणून सकाळी पन्नास ग्रॅम, संध्याकाळी पन्नास ग्रॅम, काट्यावर तोलून. आणि दर रविवारी सुताच्या टोपलीत बसवून खुद्द बाळही त्याच काट्यावर. ती टोपलीत शहाण्यासारखी बसायची. आकडा हलायचा थांबेपर्यंत मी श्वास धरून उभी राहायची. पहिल्या रविवारी नऊ. दुसऱ्या रविवारी नऊ शंभर.

वाढलं. मी नवऱ्याला धरलं. "तुम्ही काय देतासा तिला संध्याकाळी?"

"तू सांगितलंस तेच. पन्नास ग्रॅम. दूध-भाकरी झाल्यावर."

"दूध-भाकरी झाल्यावर?"

"औषध जेवणानंतरच देत्यात की," तो म्हणाला.

डॉक्टरकडनं आणलं म्हणजे औषध, आणि औषध उपाशीपोटी देत नाहीत. मला हसू यायला पाहिजे होतं, पण दोन आठवडे फुकट गेले होते. मी ताडताड बोलले. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि त्याच पिढ्यांतले आप्पा बाजूला बसून ऐकत होते, हे ध्यानात आल्यावर आवाज खाली घेतला.

दुसरी चोरी पुढच्याच आठवड्यात उघडी पडली. आमच्याकडं करंट जातो तेव्हा माग थांबतात. माग थांबले की चहा होतो, चहाबरोबर बिस्किटाचा डबा निघतो. ही गोष्ट बाळला आमच्याआधी ठाऊक. माग खडखडतात तेव्हा ती त्यांच्याखाली खुशाल झोपते, आणि खडखड थांबली की ताडकन उठून शेपूट हलवत सगळ्यांच्या तोंडाकडं बघत फिरते. त्या उन्हाळ्यात करंट दिवसाला चार-पाच वेळा जायचा. म्हणजे चार-पाच वेळा चहा, आणि कुत्रीला चार-पाच वेळा दोन-दोन बिस्किटं. मी डबा उचलला आणि माझ्या कपाटात कुलपात ठेवला. नवरा म्हणाला, "म्हणजे आमी बी डायटवर." मी म्हटलं, "व्हय. तुमालाबी डॉक्टरीणबाई बघत हुत्या त्या दिवशी."

आप्पांना काही सांगावं लागलं नाही. दवाखान्यातनं आल्यापासून त्यांनी आपण होऊन घास बंद केला. पहिला घास मोडायचे, उठून मागच्या भिंतीवर कावळ्याला ठेवायचे आणि मग जेवायला बसायचे. बाळ ताटाशी येऊन बसायची. ते तिच्याकडं न बघता जेवायचे. एक भाकरी खायचे, ती पाऊण झाली. मी ते बघत होते. म्हटलं, वजन उतरू दे, मग बघू.

सगळी भोकं बुजवली. माझा दिवस पहाटे पाचाला सुरू व्हायचा. भाकऱ्या झाल्या, परात निपटली, हात धुतले, की मी मागाच्या खोलीत जाऊन पन्नास ग्रॅम तोलून द्यायची. मग आप्पा चहा पिऊन तिला फिरवायला न्यायचे. सावकाश, सपाट रस्त्यानं चालवा असं बाईंनी सांगितलेलंच होतं. मग मी डबा घेऊन शाळेला. सगळं कसं कागदावर आखल्यासारखं. आणि आकडा? नऊ. आठ नऊशे. आठ नऊशे पन्नास. नऊ. सुताचे कोन तोलून तोलून ज्याची कधी तक्रार नव्हती तो काटाच बिघडलाय की काय म्हणून मी एक किलोचं वजन ठेवून बघितलं. काटा ठीक होता.

म्हणजे घरात कुणी तरी लपवून घालत होतं.

संशय वाईट. नवऱ्याच्या सदऱ्याचे खिसे मी धुवायच्या आधी उलटे करून बघायला लागले. तिथं काही सापडलं नाही. मग राहिले आप्पा. आप्पांचं फिरणं पहिल्यांदा पंधरा मिनिटांचं होतं, ते हळूहळू तासाचं झालेलं. त्यांचा उजवा गुडघा कधीचा गेलेला, पिठाच्या गिरणीपर्यंत जायचं म्हटलं तरी रिक्षा बघणारा माणूस, आणि तास तास फिरतोय? कोपऱ्यावर हाटेल आहे. सकाळी तिथं गरम शिरा आणि बन मिळतो, आप्पांच्या वयाचे चार विणकर तिथं बसलेले असतात. मला दुसरं काही सुचेचना. रोज परत आले की बाळ जीभ बाहेर काढून धापा टाकायची आणि आप्पा पायरीवर बसून गुडघा दाबत राहायचे. मी विचारलं, "कुठवर गेलतासा?" ते म्हणायचे, "हितंच." एवढंच. हितंच म्हणजे कुठं?

दोन महिने उलटून गेले. दवाखान्यात दाखवायला पंधरा दिवस राहिले होते. त्या रविवारी सकाळी भाकऱ्या उरकून मी बाळला टोपलीत बसवलं. अजून तिचं खाणं दिलेलं नव्हतं. काटा थांबला. नऊ किलो शंभर.

अडीच महिन्यांपूर्वी दवाखान्यात नेली होती त्यापेक्षा जास्त.

बाळला उचलून खाली ठेवताना मला दिसलं, तिच्या मिशांना पांढरा भुगा लागलेला. आप्पा दारात उभे, पायात चपला, हातात पट्टा. मी म्हटलं, "आप्पा, हे काय? हिच्या तोंडाला भुगा हाय. हाटेलातनं काय आणून ठेवतासा खिशात?"

आप्पांनी खाली वाकून बघितलं. तो भुगा बोटानं पुसला, बोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. काही बोलणार होते. तोंड उघडलं, आणि मिटलं.

ते मिटलेलं तोंड मला कबुलीसारखं वाटलं. तिथंच मी थांबायला पाहिजे होतं. पण माझी जीभ लहानपणापासूनच अशी, सुटली की बैलगाडीला ब्रेक नाही. मी म्हणाले, "आत्तींना दर शनिवारी कुंदा चारून घालवलासा. आता हिला घालवा. मग बसा भिंतीकडं तोंड करून."

खरं सांगायचं तर कुंद्याची गोष्ट खोटी नव्हती. साखर चारशेवर असताना आत्तींना खव्याचा गोड कुंदा लागायचा, आणि आप्पा शनिवारी बाजारातनं छोटा डबा आणायचे. सगळ्यांना माहीत होतं. पण त्या गेल्यापासून ह्या घरात ते कुणी उच्चारलं नव्हतं. मी उच्चारलं.

नवऱ्यानं चारही माग बंद केले. एकामागोमाग एक बटणं पाडल्याचा आवाज आला, आणि मग काहीच आवाज नाही. इतकी शांतता आमच्या घरात दिवसा कधी नसते. आणि त्या शांततेत बाळ उठली. माग थांबले होते ना. ती शेपूट हलवत आधी नवऱ्याकडं गेली, मग माझ्याकडं, मग आप्पांच्या पायाशी जाऊन बसली, वर बघत.

आप्पांनी पट्टा खिळ्याला अडकवला. चपला काढल्या. आत जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी मला सदलग्याला जायचंच होतं. माझं माहेर तिथलं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं, पंधरा दिवस चुलीपुढं बसायचं नाही, म्हणून मी रजा टाकलेली. मी निघताना आप्पांच्या दाराशी गेले. "येते," म्हटलं. ते म्हणाले, "जाऊन ये." त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी बसमध्ये बसले आणि चिकोडी येईपर्यंत एकच विचार करत होते, की चुकले. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, की मी खोटं काय बोलले?

सदलग्यात मी रोज फोन करायची. नवरा म्हणायचा, "जेवण ठीक हाय, कोपऱ्यावरच्या बायकांकडनं तयार भाकऱ्या आणतोय." मी विचारायची, "आप्पा?" तो सांगायचा, "अर्धीच खात्यात. रात्री तर नुसतं दूध." "फिरायला जात्यात?" "जात्यात." "आणि बाळ?" "माझ्याजवळ ती टोपलीत गप बसत न्हाय. तू आल्यावर तोल."

माफी मागायला फोन आप्पांकडं द्या, एवढं म्हणायचं होतं. पंधरा दिवसांत म्हटलं नाही. रोज फोन ठेवल्यावर ठरवायची, उद्या. मला भीती वाटत होती, की ते फोनवर यायचेच नाहीत.

आईच्या डोळ्याला पट्टी. ती परसात पाटावर बसून माझ्या भाकऱ्यांचा आवाज ऐकायची आणि थापटीवरनं सांगायची, पातळ झाली, फाटणार. एक दिवस भाकऱ्या संपल्यावर तिनं कान टवकारले नि म्हणाली, "शिकवलेलं ईसरली न्हाईस म्हणायची."

"काय गं?"

"काय न्हाय. थाप तू."

मी काही मनावर घेतलं नाही. माझं मन वडगावात होतं. गेल्यावर मला काय काय दिसणार, ते मी रोज नवं रचत होते. दोघं बाप-लेक मोकळे, मी नाही, कुलपाची किल्लीही नवऱ्याकडं. कुत्री साडेनऊवर गेलेली असणार. पायरीवर बसलेली, मागचे पाय पसरून. आणि आप्पा भिंतीकडं तोंड करून.

पंधराव्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मी घरी पोचले. बाळ दारापर्यंत धावत आली. धावत. मी पिशवी खाली टाकून तिची कूस चाचपली, आणि बोटांना बरगड्या लागल्या. हातपाय न धुता तिला तशीच टोपलीत घातली. काटा थांबला. आठ सहाशे.

मी परत तोललं. आठ सहाशे.

"काय दिलासा तिला?" मी नवऱ्याला विचारलं.

"तेच. पन्नास आणि पन्नास."

"आणखी काय केलासा?"

"काय करायचं? कायच न्हाय."

तेवढ्यात आप्पा बाहेर आले. सदऱ्याचा गळा त्यांना मोठा झाला होता. गळ्याची हाडं वर आलेली. मला म्हणाले, "आईचा डोळा कसा हाय?" मी म्हटलं, "बरा हाय." त्यांनी मान हलवली आणि आत गेले. जे उतरायला पाहिजे होतं ते उतरलं होतं, पण माझ्या आप्पांचंही त्यापेक्षा जास्त उतरलं होतं. मला आनंद झाला नाही. मला काही कळतच नव्हतं. खाणं तेच, फिरणं तेच, घर तेच, माणसं तीच. पंधरा दिवसांत ह्या घरातनं कमी झालं होतं ते एकच.

मी.

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, बघा. आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात ते उगीच नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता दवाखान्यात जायचं होतं. पहाटे पाचाला उठले. आप्पा नेहमीसारखे स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसले होते, पुढं चहा. मी पीठ मळलं. पहिली भाकरी, दुसरी, तिसरी. सात झाल्या. परातीत शेवटचं पीठ राहिलं. ते मी काठाकाठानं निपटून घेतलं, त्याचा गोळा केला, तळहाताएवढी चानकी थापली, तव्यावर टाकली, उलटली, निखाऱ्याला धरली, आणि मागं न बघता दाराकडं हात केला. हाताला ओलं नाक लागलं.

माझा हात तिथंच थांबला.

परात रिती ठेवू नये. शेवटची चानकी कुत्र्याची. माझ्या आईनं मी दहा वर्षांची असताना शिकवलं. सदलग्याला परसातलं कुत्रं, इथं बाळ. वीस-बावीस वर्षं मी रोज पहाटे ही चानकी थापतेय, आणि ती मी कधी कुणाला 'दिली' असं मला वाटलंच नाही. ती माझ्या लेखी खाणं नव्हतंच. परात धुण्याआधीचं काम होतं. मी नवऱ्याचे खिसे तपासले, बिस्किटाच्या डब्याला कुलूप घातलं, एका ग्रॅमसाठी काट्यावर भांडले, आणि रोज त्याआधी अर्धा तास माझ्याच हातानं तिला ज्वारीची भाकरी भरवली. मिशांवरचा पांढरा भुगा ज्वारीचा होता. आप्पांनी तो बोटावर घेऊन बघितला होता.

सदलग्यात आईनं काय ऐकलं होतं, तेही आत्ता कळलं. चानकीची थापटी वेगळी वाजते, हलकी.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, एवढी चानकी म्हणजे हिच्या दिवसाच्या खाण्याचा पाव हिस्सा. वजन असंच उतरू द्या, पाठीचं निभावेल, असंही म्हणाल्या. पण ते नंतर. त्या वेळी मी चुलीपुढं चानकी हातात धरून बसले होते, बाळ माझ्या हाताकडं बघत होती, आणि आप्पा चहाकडं.

"आप्पा, तुमाला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"पयल्यापास्नं. हितंच बसतोय की मी रोज."

"मग तास तास कुठं नेत हुतासा तिला?"

"तळ्यापातूर. तुझी चानकी जिरवायला." ते गुडघ्यावर हात फिरवत म्हणाले. "रोज थोडं थोडं लांब न्यायचो. जिरली न्हाय. म्हातारा माणूस किती चालणार?"

मला रडू यायला लागलं. पिठाच्या हातानं डोळे पुसले तर डोळ्यांत पीठ गेलं. मी म्हटलं, "मी तुमाला एवढं बोलले. तवा तरी सांगायचं हुतं. भुगा बोटावर हुता तुमच्या."

आप्पांनी गुडघ्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "सांगणार हुतो. तेवढ्यात तू कुंद्याचं काढलीस. ते खरं हुतं. मग एकात तू खोटी नि एकात खरी, असं निवडत कुठं बसू? गप बसलो."

हे ऐकलं आणि माझ्या पोटात जे दोन वर्षं दडवलेलं होतं ते आपोआप वर आलं. मी म्हणाले, "आप्पा, कुंद्याचा डबा कुठं असायचा, म्हाईत हाय? ह्या पिठाच्या डब्यामागं. आत्तींना ती जागा मीच काढून दिलती. तुमच्या ल्योकाला दिसू ने म्हणून. शनिवारी तुमी आणायचासा. बुधवारी त्यांचा हात पोचायचा न्हाय तवा मी काढून द्यायची. तुमी एकट्यानं न्हाय घालवलंसा."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. आमच्या घरात कुणी काही कबूल करत नाही.

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. त्यांचे डोळे भरले, पण ते रडले नाहीत. चहा एव्हाना निवला होता, वर साय धरली होती. त्यांनी बशी पुढं सरकवली आणि माझ्याकडं हात केला.

"आण ती हिकडं."

मी चानकी त्यांच्या हातात दिली. बाळ वळून त्यांच्यापुढं जाऊन बसली, कान उभे करून. आप्पांनी चानकी मोडली. वाटलं, उठणार आणि पहिला तुकडा कावळ्याला ठेवणार. ते उठले नाहीत. तुकडा निवलेल्या चहात बुडवला आणि स्वतःच्या तोंडात घातला. मग दुसरा. बाळनं एकदा कुईं केलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं खात राहिले, शेवटच्या तुकड्यापर्यंत.

बशी खाली ठेवून ते मला म्हणाले, "उद्यापास्नं जरा मोठी थाप."